पत्र्याखालची जपानी गाडी

जुनी गाडी खोलून परत जोडली की दरवेळी दोन-चार नट-बोल्ट उरतातच. ते कुठले हे कळत नाही, आणि उद्या कळलं तर पंचाईत नको, म्हणून फेकवतही नाहीत. माझ्याकडे बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा अशा उरलेल्या बोल्टांनी गळ्यापर्यंत भरलाय. किश्श्यांचंही तसंच झालं. चार वर्षं दर रविवारी आम्ही चौघं एका गाडीभोवती उकिडवे बसलो, गाडी जोडत गेलो आणि हे उरत गेले. ऐकणारे पोट धरून हसतात. मला एकाचंही हसू येत नाही, हे आधीच सांगतो!

तर गाडी. जपानी, दोन दाराची, बसकी, लांब नाकाची. ऐंशीच्या दशकात सोलापुरातल्या एका शेठच्या मुलानं परदेशातून आणलेली. मी सहावीत होतो तेव्हा ती नवी पेठेत एका सराफाच्या दुकानासमोर उभी होती. दिवेलागणीची वेळ. आत बसलेल्यानं बटण दाबलं आणि बॉनेटमधून दोन दिवे चक्क वर आले! झोपलेल्या जनावरानं डोळे उघडावेत तसे. मी आईचा हात सोडून तिथंच उभा राहिलो. आईनं मला शोधून काढल्यावर पाठीत घातलेला धपाटा अजून आठवतो, पण ते डोळे जास्त आठवतात. पुढे मी सुताचा धंदा केला, भवानी पेठेत छोटं दुकान टाकलं, आणि जवळपास चाळीस वर्षांनी तीच गाडी एका गोडाऊनमध्ये पोत्यांखाली सापडली. मागच्या सीटवर कोंबडी अंडी उबवत बसली होती. कोंबडीला उठवलं आणि गाडी घेतली.

घरी अंगणात पत्र्याचं शेड आहे. गाडी तिथं आली आणि तिथंच राहिली. माझी बायको सुनंदा अक्कलकोटची. तिचा कडक भाकरीचा धंदा आहे. चार बायका कामाला, आणि सगळं स्वयंपाकघरात आणि बोळात. एक परात उचलायची तर दोघींना उठावं लागतं. यंदाच्या पाडव्याला तिनं मला समोर बसवलं आणि सांगितलं, "अहो, साकु, पुरे झालं आता. दसऱ्याला ही गाडी स्वतःच्या इंजिनावर देवीच्या दर्शनाला गेली नाही, तर दुसऱ्या दिवशी भंगारवाला बोलावणार. मला शेड पाहिजे."

मी म्हटलं, "कबूल! लिहून देऊ?"

"नको. तुमचं अक्षर कोण वाचणार?" ती म्हणाली.

*

पहिला अपमान गाडी आणतानाच झाला. माझा मामेभाऊ दत्तू श्रीपूरला असतो. तिथं त्याचं लेथचं दुकान आहे. ऊसगाड्यांचे आस, चाकांचे बुश, ट्रॉलीचे हूक हे त्याचं रोजचं काम. त्याच्या ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत गाडी चढवली. मी नको नको म्हणत असताना त्यानं ट्रॅक्टर नवी पेठेकडे वळवला. "दादा, तू लहानपणी तितं बगितलीस म्हणतोस न्हवं? मग तिला एकदा तितनंच न्हेऊ की!" त्याचा हेतू चांगला होता, म्हणून मी गप्प बसलो. ही माझी चूक.

भर बाजारात, खरेदीच्या गर्दीत, ट्रॅक्टर अडकला तो अर्धा तास. ट्रॉलीत गाडी, गाडीला एक चाक नाही, काच फुटलेली, आणि शेजारी मी ताठ उभा.

एक कापडवाला पायरीवरून ओरडला, "अपघात कुठं झाला ओ?"

एक बाई हळहळत म्हणाली, "आतली माणसं गेली असतील की!"

मी घसा फोडून सांगत होतो, "अपघात नाही! क्लासिक गाडी आहे! जपानी आहे!" कोण ऐकतंय? तेवढ्यात एक म्हातारे गृहस्थ गर्दीतून पुढे आले, त्यांनी टोपी काढली आणि ट्रॉलीला हात जोडले. मग बघून बघून आणखी चार जणांनी जोडले!

दत्तू पुढून म्हणतो, "दादा, तूबी जोड की. बरं दिसत न्हाय."

*

आमच्या भिंतीपलीकडे पाटील सर राहतात. निवृत्त मुख्याध्यापक. गणित शिकवायचे. माणूस सज्जन, पण त्यांच्या तोंडी गाडीबद्दल एकच प्रश्न.

"अरविंदराव, ॲव्हरेज किती देते?"

अहो, इंजिन बाहेर काढून स्टुलावर ठेवलेलं! बॉनेटखाली रिकामं खोकं! त्यात मांजर झोपलेलं! आणि हा माणूस भिंतीवर दोन्ही हात ठेवून, चहाचा कप सांभाळत विचारतो, ॲव्हरेज किती? पहिल्यांदा मी हसलो. दुसऱ्यांदा समजावून सांगितलं, की सर, अशी गाडी ॲव्हरेजसाठी नसते. ती असण्यासाठी असते. त्यांनी मान डोलावली. तिसऱ्या रविवारी परत तेच!

एकदा माझी तळपायाची आग मस्तकात गेली. मी पाना आपटला आणि म्हणालो, "सर, तीन वर्षांत एक थेंब पेट्रोल खाल्लं नाही हिनं! काढा ॲव्हरेज!"

सरांनी कप भिंतीवर ठेवला. मग गंभीरपणे म्हणाले, "शून्यानं भागता येत नाही, अरविंदराव. शाळेत शिकवलं होतं ना?"

*

आमचे मिस्त्री म्हणजे रज्जाकभाई. ट्रकच्या इंजिनांवर हयात गेली. पेचकसाचं एक टोक इंजिनाला, दुसरं कानाला लावून डोळे मिटतात आणि रोग सांगतात. मी मात्र शिस्तीचा माणूस. मी इंटरनेटवरून गाडीचं मूळ सर्व्हिस मॅन्युअल मागवलं. आलं ते जपानीत! तरी आकृत्या होत्या. मी मोठ्या अभिमानानं ते रज्जाकभाईंच्या समोर उघडलं.

त्यांनी हात पुसले, चष्मा लावला, पाच मिनिटं पानं उलटली आणि मिटून माझ्या हातात दिलं. "साब, अच्छी किताब है. मेरी पोती मुन्नी के कापियों कू कव्हर चढाते इसके."

त्याच मॅन्युअलमध्ये बघून मी पाण्याच्या एका रबरी नळीचा नंबर काढला. वाकडी नळी, दोन ठिकाणी वळलेली. थेट जपानहून मागवली. दोन महिने मी रोज पोस्टमनच्या वाटेकडे डोळे लावून बसलो. रज्जाकभाई रोज सांगत होते, "नक्को साब, रिक्षा की नळी बैठती. मैं बोल रहा न." मी त्यांना झापलं. म्हटलं, जपानी इंजिनियरनं हिशोब करून वळण दिलंय त्याला, रिक्षाची कशी बसेल?

नळी आली. सुंदर खोक्यात, सुंदर कागदात. बसवायला गेलो तर आरशात बघितल्यासारखी उलटी! स्टिअरिंग डाव्या बाजूला असणाऱ्या देशांसाठी बनवलेल्या गाडीची. मी कपाळाला हात लावून पायरीवर बसलो. रज्जाकभाईंनी खिशातून रिक्षाची नळी काढली, दोन मिनिटांत बसवली आणि दोन क्लिपा आवळल्या. म्हणजे दोन महिने ती खिशात होती!

मी ओरडलो, "आधी का नाही बसवलीत?"

"आपका शौक था साब. शौक के बीच में कायकू आना?"

ती नळी आजतागायत एक थेंब गळलेली नाही. याचा मला जास्त राग येतो.

*

मग दिव्यांचं प्रकरण. ज्या दिव्यांसाठी मी ही गाडी घेतली, त्यातला डावा वर यायचा, उजवा यायचा नाही. आणि डावाही बटण न दाबता यायचा. बॅटरी जोडली की मनाला येईल तेव्हा वर, दोन सेकंदांनी खाली. वायरिंगमध्ये काहीतरी लागत होतं. शेडचं तोंड पाटील सरांच्या अंगणाकडे. सकाळी पाटीलवहिनी तुळशीला पाणी घालायला आल्या की त्याच वेळी नेमका डावा दिवा वर! खाली! वर!

चौथ्या दिवशी वहिनी सुनंदाकडे आल्या. आवाज खाली आणून म्हणाल्या, "राग मानू नका, पण तुमची गाडी मला डोळा मारते."

सुनंदानं मला हाक मारली. बाहेर बोलवून, वहिनींच्या समोर, अंगठ्यानं शेडकडे दाखवत विचारलं, "हे काय ओ? या वयात?" जसं काही मीच आत बसून बटण दाबत होतो!

दिवा उचलणाऱ्या मोटरमध्ये नखाएवढा प्लास्टिकचा बुश असतो, तो झिजला होता. मापं घेऊन दत्तूला पाठवली. चार दिवसांत दत्तू स्वतः बुश घेऊन हजर. पितळी, जाडजूड, चकाकणारा. मी म्हटलं, "अरे, एवढा जड कशाला? दिवा उचलायचाय, ऊस नाही!"

"दादा, आपल्या दुकानातनं जो माल जातोय ना, बैल मरंल पर त्यो तुटायचा न्हाय."

बसवला. बटण दाबलं. उजवा दिवा असा काही उसळला, की त्यावर बसलेली साळुंकी सरांच्या अंगणात जाऊन पडली! तिला काही झालं नाही, उडाली. पण दिवा खाली जाईना. तीन आठवडे गाडी एक डोळा मिटून आणि एक वटारून उभी होती. पाटीलवहिनींनी तुळस घराच्या मागच्या बाजूला हलवली.

*

एक छोटा किस्सा, कारण मोठा करून सांगितला तर मला बीपीची गोळी घ्यावी लागेल. लग्नाआधीचे फोटो काढणारं एक जोडपं आणि त्यांचा फोटोग्राफर आले. गाडीसोबत व्हिडिओ पाहिजे म्हणाले. मी म्हटलं, गाडी चालत नाही. "काही हरकत नाही काका. तुम्ही आणि हे चाचा मागून जरा हलवा, चालल्यासारखी दिसेल."

आणि आम्ही हलवली! माझ्या दुकानात चार माणसं मला शेठ म्हणतात, रज्जाकभाईंसमोर ट्रकमालक खुर्ची सोडून उठतात, आणि आम्ही दोघं डिकीमागे वाकून एका नवरदेवासाठी गाडी हलवतोय! पंधरा मिनिटं! शेवटी तो फोटोग्राफर ओरडला, "काका, अजून खाली वाका ना! म्हातारे आरशात येतायत!"

*

मल्लेशमला मी शाळेपासून ओळखतो. घरी तेलुगू बोलतो, आमच्याशी मराठी, आणि त्याच्या मागांवर टॉवेल आणि चादरी विणल्या जातात. गाडीच्या सीटचं मूळ कापड काळ्या-पांढऱ्या बारीक चौकड्यांचं होतं. तळहाताएवढा एकच तुकडा शाबूत राहिला होता. तो मी त्याला दिला. मल्लेशमनं तो भिंगाखाली धरला, धागे मोजले आणि म्हणाला, "देवुडा! हे तर सोपं आहे की."

पंधरा दिवसांत त्यानं कापड विणून आणलं. मी सांगतो, जपानी माणूस आला असता तर त्यालाही ओळखता आलं नसतं! मला भरून आलं. मी मल्लेशमला मिठी मारली. सीट शिवणाऱ्यानं त्याच दिवशी दोन्ही सीटवर ते चढवलं. मी ड्रायव्हरच्या सीटवर बसलो, मान वळवली आणि शेजारच्या सीटच्या पाठीवर, बरोबर मधोमध, नक्षीत विणलेली अक्षरं दिसली.

"लॉजची मालमत्ता. बाहेर नेऊ नये."

झालं असं, की मल्लेशमनं मागावर नक्षी ठरवणाऱ्या, भोकं पाडलेल्या पुठ्ठ्यांची जी माळ चढवली होती, ती आधी एका लॉजच्या टॉवेलांसाठी वापरलेली. लोक टॉवेल पिशवीत घालून नेतात, म्हणून लॉजवाल्यांनी तशी अक्षरं विणून घेतलेली. नवे पुठ्ठे घातले, पण जुन्यांपैकी थोडे काढायचे राहिले. सोलापुरात राहून गाडीच्या सीटवर लॉजचा शिक्का मिरवणारा मी पहिलाच असेन!

मी मल्लेशमला जे बोललो ते इथं लिहीत नाही. त्यानं ती अक्षरं पुन्हा एकदा वाचली.

"अरे, खोटं काय आहे यात? तीन वर्षं झाली. बाहेर कुठं नेलीस तू?"

*

आता भाकरी. गाडीला रंग द्यायच्या आधी मी बॉनेटला राखाडी प्रायमर मारला. तीन दिवस पाण्यानं घासून, बोटं सोलून, आरशासारखा गुळगुळीत केला. घरात सगळ्यांना बजावलं, बोट लावायचं नाही. गाडी उन्हात ढकलून ठेवली आणि दुकानात गेलो. एप्रिलचं सोलापूरचं ऊन. तुम्हाला माहीत आहे.

दुपारी जेवायला आलो. बॉनेटवर स्वच्छ पांढरं धोतर अंथरलेलं आणि त्यावर एकशेवीस भाकऱ्या ओळीनं मांडलेल्या! छतावर बाजरीच्या वेगळ्या! चारही बायका सावलीत पाय पसरून शेंगा सोलत बसलेल्या.

मी एवढा ओरडलो की मांजर खोक्यातून पळालं. सुनंदा बाहेर आली. तिनं एक भाकरी उचलली, दोन बोटांत धरली आणि मोडली. टक्कन आवाज झाला. तिनं बायकांकडे बघितलं, बायकांनी तिच्याकडे बघितलं. गच्चीवर दोन दिवसांत होत नाही ते दोन तासांत झालं होतं! सगळीकडून सारखी, कुठं वातड नाही, कुठं वाकडी नाही.

"अहो, खालून पत्रा तापतोय, वरून ऊन," ती हरखून म्हणाली. "चार वर्षांत पहिल्यांदा ही गाडी काहीतरी कामाला आली की!"

त्या खेपेच्या भाकरीचं गिऱ्हाइकांनी एवढं कौतुक केलं की पुण्याहून मागणी आली. पुण्याच्या पाठोपाठ हैदराबादची. चार बायकांच्या सात झाल्या. आणि जागा तेवढीच! म्हणजे बघा, माझ्याच गाडीच्या बॉनेटवर तिचा धंदा वाढला आणि वाढलेल्या धंद्यासाठी तिला माझ्याच गाडीची जागा पाहिजे! याला काय म्हणायचं? मी म्हटलं ते सुनंदानं ऐकलं आणि कॅलेंडरवर दसऱ्याभोवती लाल गोल काढला.

*

आणि शेवटी दसरा.

नवरात्र बसलं आणि आम्ही अक्षरशः शेडमध्ये राहायला गेलो, दत्तू तेवढा श्रीपूरहून ये-जा करत होता. एक गोष्ट मात्र माझ्या लक्षात आली आणि मला बरं वाटलं. सुनंदा बदलली होती. चहा मागायच्या आधी चहा. दत्तूला तिनं स्वतः फोन केला, "भावजी, तेवढा तुकडा आजच्या आज पाठवा की." रज्जाकभाई एक दिवस आले नाहीत तर ही रिक्षा करून त्यांच्या दारात! मी मनात म्हटलं, वीस वर्षांच्या संसारात बायको एकदा तरी आपल्या बाजूला आली. मला खरंच भरून आलं. लॉजची अक्षरं असलेल्या त्या शेजारच्या सीटवर बसून मी दोन मिनिटं डोळे पुसले.

अष्टमीच्या संध्याकाळी इंजिन चालू झालं. एकदा खोकलं, दोनदा शिंकलं आणि मग त्यानं असा काही सूर धरला की मल्लेशमनं मागांच्या खडखडाटासाठी घातलेले कानातले बोळे काढले. फक्त क्लचच्या नळकांड्याचे दोन बोल्ट आवळायचे राहिले होते. दहा मिनिटांचं काम. अंधार पडला होता. रज्जाकभाई म्हणाले, "सुबे करते साब."

सकाळी मी शेडमध्ये गेलो तर हत्यारांची पेटी गायब! देवघरात बघतो तो काय, पाटावर लाल कापड, त्यावर माझे सगळे पाने उंचीनुसार मांडलेले, हळद-कुंकू वाहिलेलं, झेंडूची फुलं, समोर नारळ. शेजारी सुनंदाची परात आणि तवे. खंडेनवमी! मी पार विसरलो होतो.

मी म्हटलं, "एक बारा नंबरचा पाना दे. दहा मिनिटांत परत ठेवतो."

"आज हत्याराला हात लावायचा नाही. उद्या पूजा झाल्यावर उचलायचं."

"अगं, उद्या दसरा! उद्या गाडी जायचीय!"

"मग उद्या उचला की."

मी रज्जाकभाईंच्या गॅरेजमध्ये धावलो. तिथंही पाने मांडलेले, उदबत्ती लावलेली! म्हटलं, रज्जाकभाई, तुम्ही सुद्धा? ते म्हणाले, "मेरे उस्ताद सदाशिव मिस्त्री. चालीस साल से ये दिन औजारां कू आराम देते. उनो बोले थे, आज पाना पकड्या तो हात का हुनर जाता." दत्तूला फोन केला. त्याच्या लेथला हार! मल्लेशमच्या मागाला हार! अख्ख्या सोलापुरात त्या दिवशी एक बोल्ट आवळला जात नव्हता!

नवी पेठेत हार्डवेअरचं एक दुकान उघडं दिसलं. मी नवा कोरा बारा नंबरचा पाना घेतला. दुकानदारानं तो कागदात गुंडाळला, वर कुंकवाचं बोट टेकवलं आणि बजावलं, "आज वापरू नका बरं का." मी लपवून घरी आणला. दारातच सुनंदानं कागद हातातून काढून घेतला.

"अय्या, नवं हत्यार! आधी पूजा." आणि तोही पाटावर बसला!

तो दिवस मी कसा काढला मला विचारू नका. दुपारी भंगारवाला येऊन गाडीभोवती एक फेरी मारून, टायर दाबून गेला. कुणी बोलावलं होतं? कुणी नाही. वास लागतो त्यांना!

दसऱ्याला पहाटे मला जाग आली तर सुनंदा आंघोळ करून, पूजा आटोपून तयार. तिनं पाटावरून बारा नंबरचा पाना उचलला, कपाळाला लावला आणि माझ्या हातात दिला. "घ्या. पळा."

सात वाजता दोन्ही बोल्ट आवळून झाले. पान्याला अजून कुंकू होतं, ते बोल्टांनाही लागलं. चारही चाकांखाली लिंबं ठेवली, नाकावर झेंडूचा हार घातला. मी किल्ली फिरवली. गाडी चालू! बटण दाबलं आणि दोन्ही डोळे, दोन्ही, एकदम वर आले! भर सकाळी. मी सहावीतला झालो. मला पुढचं काही दिसेना, रज्जाकभाईंनी रुमाल दिला.

शेजारच्या सीटवर रज्जाकभाई, मागे दत्तू आणि मल्लेशम गुडघे कानाला लावून. मी सुनंदाला म्हटलं, "तू चल. दत्तूला उतरवतो."

"नको, तुम्ही चौघं जा. तुमची मेहनत आहे," ती इतक्या मायेनं म्हणाली. "आणि घाई करू नका. दर्शन झालं की नवी पेठेतनं एक फेरी मारा. सावकाश या."

चार लिंबं फुटली आणि गाडी निघाली. पाटील सर भिंतीशी उभे होते. त्यांनी चक्क सलाम केला! आणि आम्ही पुढे गेल्यावर मागून आवाज आला, "येताना सांगा, ॲव्हरेज किती दिलं!"

देवीपुढे गाडी उभी केली, नारळ फोडला, नवी पेठेतून फेरी मारली. त्याच सराफाच्या दुकानासमोर मी दिवे वर केले, खाली केले, परत वर केले. एका लहान मुलीनं आईचा हात सोडला आणि बघत उभी राहिली. कुणी हात जोडले नाहीत.

दोन तासांनी घरी आलो. फाटक उघडलं. शेडमध्ये तीन मोठ्या शेगड्या पेटलेल्या. भिंतीला फळ्या ठोकलेल्या, त्यावर परातींची चळत. सातही बायका नव्या लुगड्यांत ओळीनं भाकरी थापत बसलेल्या. उंबऱ्याशी रांगोळी, फोडलेला नारळ, पत्र्याला आपट्याचं आणि आंब्याचं तोरण. माझा उरलेल्या बोल्टांचा डबा पायरीवर काढून ठेवलेला, त्यालाही कुंकू!

मी गाडीतून उतरलो. इंजिन बंद न करताच. तिथूनच ओरडलो, "अगं, ठरलं काय होतं आपलं? गाडी देवीला गेली! स्वतःच्या इंजिनावर गेली! विचार यांना!"

"गेली की. म्हणून तर भंगारात दिली नाही," सुनंदा पीठ मळता मळता म्हणाली. "आता चालत्या गाडीला शेड कशाला पाहिजे ओ? सगळ्यांच्या गाड्या रस्त्यावरच असतात की. बंद होती म्हणून इतकी वर्षं जागा दिली."

मी मागे बघितलं. रज्जाकभाई आकाशाकडे बघत होते. मल्लेशम सीटवरची अक्षरं वाचत होता. दत्तूनं तर ताटात वाढलेली गरम भाकरी घेतलीही होती.

मी दात-ओठ खात परत गाडीत बसलो आणि रिव्हर्स टाकला. तेवढ्यात ती हात पुसत फाटकापर्यंत आली. मला वाटलं, वाईट वाटलं असेल तिला.

"अहो, ऐका," ती म्हणाली, "लावताना बॉनेट उन्हाकडे करून लावा."